राबाची तोड आणि सर्पगरुडाचें घरटें

भाताची झोडणी आटोपली, वाल पेरून झाले, कीं शहापूर व मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांतील शेतकरी कोयता घेऊन रानाकडे वळतो. राबासाठीं कवळ तोडावयाचा हा हंगाम आमच्या भागास नवा नाहीं. आमच्या आजा-पणजांनीं तो पाळिला आणि आम्हीही पाळीत आलों. त्याविरुद्ध लिहावें असा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु ह्याच दिवसांत, ह्याच झाडांवर, आपल्या रानांतील एक मोठा पक्षी घरटें बांधीत असतो, आणि कोयता तेथवर पोंचला म्हणजे त्याचें सबंध वर्ष फुकट जातें, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत आली आहे. तो पक्षी म्हणजे सर्पगरुड. ज्या झाडावर त्याचें घरटें असेल तेवढें एक झाड पौषापासून ज्येष्ठापर्यंत कोयत्यावांचून ठेवावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे. ती कां, हें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे.

गरुड म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें देवळांतील हात जोडून बसलेली मूर्ति येते. रानांतला गरुड मात्र आपण ओळखीत नाहीं. आकाशांत घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा पक्षी आपल्या लेखीं घार, आणि घार म्हटली कीं कोंबडीचीं नेलेलीं पिलें आठवतात व हात गलोलीकडे जातो. पहिला अन्याय येथें होतो. घारीचें शेपूट टोकाशीं दुभंगलेलें असतें. ती गांवाभोंवतीं, उकिरड्यावर आणि बाजाराच्या जागीं फिरते. पिलें उचलते ती बहुधा हीच, नाहीं तर शिक्रा; आणि शिक्रा हा पारव्याएवढा लहान पक्षी, तो झाडींतून सुटतो तो दिसण्याआधींच पिलूं घेऊन जातो. सर्पगरुड ह्या दोघांहून अंगानें थोर. रंग गडद तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके, मानेच्या मागें काळ्यापांढऱ्या पिसांचा आंखूड तुरा. डोळे पिवळे, डोळ्यापासून चोंचीपर्यंतची कातडी पिवळी आणि पायही पिवळे. उडतांना खालून पाहिलें तर पंखांच्या मागच्या कडेजवळून एक रुंद पांढरा पट्टा गेलेला दिसतो. शेपटींतही तसाच दुसरा. ऊन तापूं लागलें कीं तो उंच घिरट्या घेतां घेतां तीन-चार सुरांची लांब शीळ घालतो. तानसाच्या जंगलाकांठीं किंवा माहुलीच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांनीं ही शीळ शेंकडों वेळां ऐकली असेल, आणि ऐकून भाजीच्या आळ्यांत पुन्हां मान घातली असेल.

आमच्याकडे गरुडाच्या इतर जाती नाहींत असें नाहीं. मोरघार ही सह्याद्रीच्या कड्यांवर घरटें करते. तिचा आणि राबाच्या कोयत्याचा संबंध सहसा येत नाहीं. सर्पगरुडाचा येतो, म्हणून आजचें लिहिणें त्याच्याविषयीं.

त्याचें अन्न त्याच्या नांवांतच आलें आहे. धामण, दिवड, नानेटी, सरडे, बेडूक आणि उंदीर हा त्याचा आहार. ओढ्याकांठच्या फांदीवर तास तास निश्चल बसावें आणि खालीं कांहीं सरपटलें कीं झेप घ्यावी, ही त्याची रीत. येथें एखादा चाणाक्ष शेतकरी विचारील कीं, धामण तर बांधांतले उंदीर खाते; मग धामणीला खाणारा गरुड आमचा मित्र कसा? प्रश्न योग्य आहे, आणि गरुडाची वकिली करतांना तो टाळणें आम्हांस बरें वाटत नाहीं. नुसत्या उंदरांचा हिशेब मांडला तर सर्पगरुडाच्या नांवें फारशी रक्कम जमा होणार नाहीं. ती जमा होते कापशीच्या आणि गव्हाणी घुबडाच्या नांवें. कापशी म्हणजे ती पांढरट राखी, खांद्यावर काळा डाग असलेली, तांबड्या डोळ्यांची लहान घार. शेतावर हवेंत एके ठिकाणीं पंख फडफडवीत थांबते आणि मग सरळ उंदरावर पडते. घुबड तेंच काम रात्रीं करतें. सर्पगरुडाचें महत्त्व निराळें आहे. जेथें ओढा उन्हाळ्यांतही ओला राहतो, साप-बेडूक पुरेसे आहेत आणि उंच झाडें शाबूत आहेत, तेथेंच तो टिकतो. विहिरीचें पाणी किती खालीं गेलें हें आपण दोर सोडून पाहतों. रानाची स्थिति पाहावयास हा पक्षी तसाच दोर आहे. तो दिसेनासा झाला तर ओढा, झाड किंवा माती ह्यांपैकीं कांहीं तरी त्याच्या आधींच गेलें असें समजावें, आणि ह्या तिहींवर आपलें भात उभें आहे.

आतां त्याच्या संसाराविषयीं. थंडीच्या अखेरीस जोडपें घरट्याच्या तयारीस लागतें. घरटें काटक्यांचें, आंत हिरव्या पानांचा थर, आणि जागा बहुधा पाण्याजवळच्या उंच झाडाच्या बेचक्यांत. मादी एका विणीस सामान्यतः एकच अंडें घालते. तें उबविण्यास सुमारें चाळीस दिवस आणि त्यानंतर पिलूं उडूं लागावयास सुमारें दोन महिने लागतात. माघांत घातलेल्या अंड्याचें पिलूं ह्या हिशेबानें ज्येष्ठाच्या तोंडाशीं उडणार. कोंबडीचीं दहा अंडीं फुटलीं तरी महिन्या-दीड महिन्यांत भरपाई होते. ज्याचें वर्षाचें उत्पन्नच एक, त्याचें तें एक गेलें कीं पुढच्या माघापर्यंत वाट पाहणें आलें. आणि पुढच्या माघांत झाडच जागेवर नसेल तर वाट पाहूनही उपयोग नाहीं.

राबाचा प्रश्न नाजूक आहे हें आम्हीं जाणतों. राब बंद करा, असें शहरांतील माणसें सांगतात; त्यांपैकीं बहुतेकांनीं भाताचें रोप कधीं उपटलेलें नसतें. शेण, कवळ, गवत आणि वर माती असे थर देऊन भाजलेल्या जमिनींत रोप जोमानें येतें आणि तण मरतें, हा आपला पिढ्यांचा अनुभव आहे. महसुली दप्तरांत भातशेताशेजारीं वरकस जमीन लागलेली दिसते, तिचा एक मोठा उपयोग राबाचें गवत-पाला पुरविणें हाच होता. सरकारनें जंगलें राखावयास घेतलीं तेव्हां ह्याच हक्कावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं झाला. जो हक्क आपल्या पूर्वजांनीं भांडून राखला तो पक्ष्याखातर सोडा, असें आम्हीं सांगत नाहीं.

वस्तुतः दरवर्षीं छाटला जाणारा ऐन खुजा राहतो, आणि त्यावर गरुड घरटें करीतच नाहीं. धोका असतो तो ओढ्याकांठच्या, कधींही न छाटलेल्या, उंच ऐनास, आंब्यास आणि जांभळीस. नेहमींच्या झाडांचें कवळ कमी पडलें म्हणजे कोयता तिकडे वळतो. तो वळूं नये ह्यासाठीं बांधावर गिरिपुष्प लावावें, हा सरळ उपाय आहे. चारसूत्री भातलागवडींत गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळीं गाडावयास सांगितलेलें आहे, तें ह्या भागांतील पुष्कळ शेतकऱ्यांस माहीत आहे. ह्याच पद्धतींत रोपाच्या गादीवाफ्यांत भाताच्या तुसाची राख मिसळतात. ज्यांनीं हें केलें त्यांची राबाची गरज कमी झाली. सगळ्यांनीं एका वर्षांत राब सोडावा अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. पण दहा गुंठ्यांचा राब सहा गुंठ्यांवर आला तरी ओढ्याकांठचें झाड वांचेल.

कोयत्याहून वाईट गोष्ट विष. भात पोटरींत आलें कीं उंदीर-घुशी चूड कापूं लागतात, बांधाला भोंकें पडून पाणी फुटतें, आणि शेतकरी चिडून दुकानांतून वड्या आणतो. त्यांत हल्लीं ब्रोमॅडिओलोन फार चालतें. हें विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. अंगांत रक्त गोठेनासें होऊन तो कांहीं दिवसांनीं मरतो, आणि मधल्या काळांत दिवसाढवळ्या सुस्त होऊन बांधावर फिरतो. असा उंदीर धरणें कापशीस, घुबडास आणि गरुडास सर्वांत सोपें. विष उंदराच्या काळजांत राहिलेलें असतें, तें खाणाऱ्याच्या पोटांत जातें. म्हणजे उंदीर मारतां मारतां आपण उंदीर मारणारेच मारतों. घालणें भागच असेल तर वडी उघड्यावर न टाकतां चालू बिळांत खोल घालावी, तोंड चिखलानें बुजवावें, आणि पुढील आठवडाभर रोज सकाळीं फेरी मारून मेलेले उंदीर खड्ड्यांत पुरावे. ओढ्यालगतच्या बांधावर तर वडी घालूंच नये.

त्यापेक्षां आमच्या मतें एक चांगला मार्ग घराशेजारींच आहे. कातकरी लोक बिळें खणून उंदीर धरतात, आणि बिळांत सांठविलेल्या लोंब्या काढतात. कोणतें बीळ चालू, कोणतें ओस, पळवाट कोठें निघते, हें ज्ञान त्यांच्याइतकें कोणास नाहीं. आपण त्यांस बांध खणतांना पाहिलें कीं हटकतों. हटकण्याऐवजीं रीतसर रोजगार देऊन कापणीपूर्वीं आणि कापणीनंतर बांध साफ करून घ्यावे आणि बांध पुन्हां लिंपण्याचें कामही त्यांसच सांगावें. वड्यांचा खर्च आणि गेलेलें भात मिळून हिशेब केला तर ही मजुरी जड वाटूं नये. इस्रायलमध्यें स्दे एलियाहू येथील शेतकऱ्यांनीं १९८३ सालापासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठीं लांकडी पेट्या बसविल्या, त्या देशभर पसरल्या, आणि पुढें शेजारच्या जॉर्डनमध्येंही गेल्या. आपल्याकडे पेटी नसली तरी जुना वड किंवा पडकें घर असतें. तेथील घुबडाला अशुभ म्हणून हुसकून लावूं नये, इतकें केलें तरी पुष्कळ झालें.

दुसरें विष गोठ्यांतून जातें. गिधाडांची गोष्ट वाचकांस ठाऊक असेल, तरी तिचा शेवट पुष्कळांस ठाऊक नसतो. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत आपल्या देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारास एक ह्या प्रमाणांत उरलीं. कारण दुखण्यावर जनावरास टोंचलें जाणारें डायक्लोफिनॅक. तें टोंचलेलें जनावर लवकरच मेलें आणि गिधाडांनीं खाल्लें तर त्यांचें मूत्रपिंड निकामी होई. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं तें बंद केलें. त्याच जातीचीं दुसरीं औषधें वापरांत राहिलीं, त्यांपैकीं किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ सालीं बंद झालीं आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. हें औषध गिधाडांपुरतेंच घातक, असा समज होता. परंतु राजस्थानांत बिकानेरजवळ मेलेलीं जनावरें टाकण्याच्या जागीं मरून पडलेल्या दोन गरुडांच्या शरीरांतही डायक्लोफिनॅक सांपडलें, तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. ते गरुड उत्तरेकडून हिवाळ्यांत येणारे, मेलेल्या जनावरावरही बसणारे. आमचा सर्पगरुड मढ्यावर क्वचितच येतो. तरी गाई-बैलाच्या दुखण्यावर डॉक्टर आले तर मेलॉक्सिकॅम द्या म्हणून सांगणें आपल्या हातांत आहे. तें गिधाडांस बाधत नाहीं असें प्रयोगानें ठरलेलें आहे. माणसांच्या औषधाची बाटली दुकानांतून आणून स्वतःच टोंचण्याचा प्रकार मात्र कोणींही करूं नये.

विष आवरलें तर गरुड परत येतात, ह्याचा दाखला अमेरिकेंतला आहे. तेथील पांढऱ्या डोक्याचा गरुड हा त्या राष्ट्राचें चिन्ह. डीडीटी ह्या कीटकनाशकाचा अंश माशांतून त्याच्या अंगांत जाई, त्यानें अंड्याचें कवच पातळ होई आणि अंडें उबवणाऱ्या मादीच्या भारानेंच फुटे. १९६३ सालीं अलास्का व हवाई सोडून बाकीच्या अठ्ठेचाळीस राज्यांत अवघीं ४१७ जोडपीं उरलीं. १९७२ सालीं डीडीटी बंद झालें, घरट्यांच्या झाडांस संरक्षण मिळालें, आणि २००७ सालीं ९,७८९ जोडपीं मोजून त्या पक्ष्याचें नांव संकटग्रस्तांच्या यादींतून काढलें. ह्या कामीं कायद्याचा हात मोठा, पण घरटें असलेलें झाड न तोडणाऱ्या जमीनमालकांचाही होता.

आमच्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ह्या पक्ष्यांस मारणें, त्यांचीं अंडीं काढणें किंवा घरटें मोडणें हा गुन्हा आहे, मग झाड खाजगी जमिनींत कां असेना. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानें साग, ऐन, आंबा, मोह, खैर इत्यादि झाडें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. तानसा अभयारण्य १९७० सालापासून आहे; मुरबाडकडे सिद्धगडचा भाग भीमाशंकरच्या अभयारण्यांत येतो. आमचें रान दरिद्री नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. १८८४ नंतर शंभरांहून अधिक वर्षें खात्रीनें कोणाच्या दृष्टीस न पडलेला रानपिंगळा १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हां सांपडला, आणि तोच २०१४ सालीं आपल्या तानसांत आढळला. पण अभयारण्याची हद्द दगडावर रंगविलेली असते; पक्ष्यास ती वाचतां येत नाहीं. ओढा हद्दीबाहेर आला कीं गरुडही त्याच्या कांठानें बाहेर येतो, आणि तेथून पुढें तो आपल्या सातबाऱ्यांत असतो. प्रत्येक बांधावर वनरक्षक उभा करणें कोणत्याही सरकारास शक्य नाहीं.

सातबाऱ्याचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगतों, कारण तींत आमची हयात गेली. आमच्या नोकरीच्या काळांत जमीन विकतांना झाडांचा भाव कोणी वेगळा लावलेला आम्हीं फारसा पाहिला नाहीं. खरेदीखतांत चतुःसीमा येत, विहिरींतला हिस्सा येई. ओढ्याकांठचा आंबा कोठेंच येत नसे. एका गांवीं बंगल्यांच्या प्लॉटांसाठीं जमीन गेली. घेणाऱ्यानें पहिल्या आठवड्यांत यंत्र आणून सगळें सपाट केलें, आणि विकणारा शेतकरी कट्ट्यावर बसून, आमच्या आजोबांनीं लावलेलीं झाडें गेलीं, म्हणून हळहळत होता. कागदावर तीं झाडें कधीं नव्हतींच. महामार्ग आणि बंगले ह्यांमुळें दोन्ही तालुक्यांत जमिनीची खरेदी-विक्री वाढली आहे, ती थांबणार नाहीं. तेव्हां विक्रीपूर्वीं निदान झाडांची नोंद तरी असावी. २०२१ सालापासून पिकांची पाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करण्याची पद्धत सुरू झाली, तींत बांधावरचीं झाडें नोंदविण्याचीही सोय ठेविलेली आहे. भाताची नोंद अनुदानासाठीं आपण धांवत जाऊन करतों. झाडांच्या रकान्यावर मात्र बोट थबकत नाहीं. नोंद केल्यानें झाड वांचेलच असें नाहीं. परंतु नोंद असलेल्या झाडाचा भाव मागतां येतो, तें तोडणाऱ्यास जाब विचारतां येतो, आणि खरेदीखतांत अमुक झाड राखण्याची अट घालतां येते. अट घातली तर गिऱ्हाईक जाईल, ही भीति आम्हांस खोटी वाटते. शहरचा माणूस येथें जागा घेतो तो सावलीसाठींच. त्यास झाड आधीं दाखविलें तर तो बहुधा राखील.

शेवटीं कामाचें. संघाच्या प्रत्येक गांवच्या सभासदांपैकीं दोघांनीं पौष-माघांत आपल्या शिवारांतील ओढ्यांच्या कांठानें एकदां फिरावें. घरटें शोधावयास झाडावर चढूं नये. चढलें तर पक्षी घरटें सोडण्याचा संभव असतो. झाडाखालीं पांढरी विष्ठा पडलेली दिसते, बेचक्यांत काटक्यांचा भारा आणि त्यावर ताजा पाला दिसतो, आणि साप चोंचींत लोंबत असलेला पक्षी पुन्हां पुन्हां एकाच झाडाकडे जातांना दिसतो. इतकें पुरे. त्या झाडाच्या मालकास सांगावें, आणि कवळ तोडणाऱ्या मजुरांस झाड बोटानें दाखवून ठेवावें, कारण कोयता त्यांच्या हातीं असतो. त्याच झाडाच्या बुडाशीं राब भाजूं नये, धूर वर जातो. झाडाचा गट नंबर संघाच्या चिटणीसांकडे द्यावा, पण गांवाबाहेर त्याचा बोभाटा करूं नये. मुंबईहून मोठाले कॅमेरे घेऊन येणारी मंडळी अलीकडे फार वाढली आहे; त्यांस घरट्याची जागा कळली कीं रविवारीं झाडाखालीं जत्रा भरते, आणि उन्हांत अंडें उघडें टाकून मादी दूर जाऊन बसते.